लाईन खराब होती

डोंबिवलीत तेव्हा फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. आमच्याकडे तो बाबांच्या नोकरीमुळे आपसूक आलेला. बाबा कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होते. तक्रार आली की ती लाईन कानाला लावायची आणि दोष कुठे आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. केबलमध्ये पाणी शिरलंय, तार कुठे टेकलीय, की घरातल्या माणसाने रिसीव्हरच नीट ठेवला नाही, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. घरीसुद्धा फोन उचलला की आधी थोडा वेळ डायल टोन ऐकत, समाधानाने मान हलवत आणि मगच नंबर फिरवत. डायल टोनला दाद देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

राग मात्र नाकावर. आईचाही काही कमी नव्हता. आमच्याकडे भांडणं आवाज चढवून फार होत नसत, अबोला धरून होत. एकदा अबोला सुरू झाला की त्याचे सगळे नियम दोघंही इमानदारीने पाळायची. एकमेकांकडे बघायचं नाही. काही अडलंच तर मला मध्ये घालायचं. "तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." "तुझ्या आईला सांग, मला कळतंय." दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि मी पोस्टमन. जेवणाच्या वेळी मी घरात नसले तर आई पितळी तांब्यावर चमचा दोनदा वाजवायची. तांब्या वाजला की बाबा बाहेरच्या खोलीतून उठून पाटावर येऊन बसायचे. आणि अबोला सुटायचा तोही नियमानेच. ज्याचं चुकलं असेल त्याने स्वतःच्या तोंडाने बोलायचं. माझ्याकरवी माफी चालत नसे. बहुतेक वेळा बाबाच बोलायचे, चहा पिताना, कपाकडे बघत. आई आधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

हे घडलं त्या वर्षी मी कॉलेजात होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी बाबांना एक झटका येऊन गेलेला, तोंड वाकडं झालं होतं, पण महिन्याभरात सगळं जाग्यावर आलं आणि ते पुन्हा कामावर जायला लागले. आम्हीही ते विसरून गेलो.

आईचं माहेर खडवलीचं. तिथे माझी आजी आणि मामा. मामाचं आणि बाबांचं कधी पटलं नाही. कुठल्याशा लग्नात मामाने बाबांना मानाचा टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली होती, आणि बाबांनी ती राहून गेलेली टोपी जन्मभर डोक्यावर वाहिली. मामाचं नाव निघालं की ते पेपर तोंडासमोर धरायचे. तर अशात एका संध्याकाळी फोन वाजला. आई भाजी आणायला गेली होती, मी आतल्या खोलीत होते. बाबांनी फोन घेतला. "हॅलो, हॅलो" केलं, "नीट बोला, जरा मोठ्याने" म्हणाले, परत "हॅलो" केलं आणि ठेवून दिला. कुणाचा होता म्हणून मी विचारलं तर माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "लाईन खराब होती. काही कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या शेजारचे एक गृहस्थ दारात उभे. आजी रात्रीच गेली होती, आणि आमच्याकडून कुणी येईना म्हणून पहाटेच सगळं उरकलं होतं. संध्याकाळी शुद्धीवर होती, आईचं नाव घेत होती, म्हणून मामाने मुद्दाम गावातल्या दुकानातून फोन केला होता. "दाजींनीच उचलला की," ते गृहस्थ म्हणाले. "मी बाजूलाच उभा होतो. आवाज साफ येत होता. सगळं सांगितलं, लगेच पाठवून द्या म्हणून."

आई खडवलीला पोचली तेव्हा नदीकाठची राख निवलेली होती. बारा दिवस करून ती परत आली, पिशवी खाली ठेवली आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. एवढं मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "टोपीचा सूड माझ्या आईवर उगवलात," ती म्हणाली. "यापुढे तुमचा एक शब्द माझ्या कानावर पडायला नको, आणि माझा तुमच्या कानावर पडणार नाही." बाबा भांबावल्यासारखे तिच्याकडे बघत होते. "लाईन..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं आणि सोडून दिलं. आईला ते सोंग वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, माझीही आजीच होती ती.

त्या वेळचा अबोला आधीच्या कुठल्याच अबोल्यासारखा नव्हता. मी आईच्या बाजूची, त्यामुळे पोस्टमनचं काम बंद. घरात बाबांशी बोलणारं कुणी उरलंच नाही. आणि घर तरीही चालत होतं! अबोल्यात आमचं घर शब्दांवर चालायचंच नाही. तांब्या वाजला की बाबा येत. दाराची बेल वाजली की दार उघडत. कुकरची शिट्टी झाली की घड्याळाकडे बघत. दूध उतू जायला लागलं तर त्याचा चर्र आवाज ऐकून त्यांनीच एकदा धावत जाऊन गॅस बंद केला. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. अशा माणसाला काही झालंय, असा संशय कुणाला येणार?

काही गोष्टी खटकायच्या, पण रागात सगळं रागाच्याच हिशेबात बसतं. संध्याकाळी बातम्या लागल्या की ते रेडिओचं बटण इकडेतिकडे फिरवत आणि "स्टेशन लागत नाही" म्हणत बंद करून टाकत. कधी भलतंच काही बोलून जात. एकदा चष्मा हवा होता, आणि "छत्री कुठाय" म्हणाले. आई तोंड फिरवून पुटपुटली, "आता थट्टाही करा." हळूहळू ते जवळजवळ गप्पच झाले. घुम्यासारखे खिडकीशी बसून राहायचे. आईचं म्हणणं, मनात खात असेल, खाऊ दे.

बाबांच्या टेबलाशेजारी काम करणारे एक काका एका रविवारी घरी आले. माझ्या लहानपणापासून येत असत, भरपूर बोलायचे, बाबांना चिडवायचे. आल्या आल्या त्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली आणि काहीतरी मोठा किस्सा सांगायला सुरुवात केली. बाबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. किस्सा संपला, काका हसले, मग बाबा हसले. काकांनी काहीतरी विचारलं. बाबा परत हसले. दोन-तीनदा असं झाल्यावर काका उठून स्वयंपाकघरात आईकडे आले.

"वहिनी, मी मुद्दामच आलेलो. ऑफिसात हे बोलायचा धीर होत नाही कुणाला, पण भाऊंचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"अहो, हल्ली जी लाईन टेस्ट करतील ती खराब म्हणतात. समोरचा माणूस बोलायला लागला की खरखर आहे म्हणून कट करतात. आम्ही मागाहून चेक करतो तर लाईन एकदम क्लिअर. साहेब पण भडकलाय. मजा म्हणजे टोनमध्ये चूक नाही हां. डायल टोन, एंगेज टोन, रिंग, सगळं बरोब्बर. टोनमधला बारीक फरकपण ओळखतात. माणूस बोलला की संपलं."

आईच्या हातात लाटणं होतं. "माझ्याशी बोलत नाहीत ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुमच्याशी कशाला अबोला धरतील?" हे बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. अबोला तर तुमच्याशी नाही, असं ती परत एकदा म्हणाली, आणि पोळी तव्यावर तशीच जळू दिली.

ठाण्याला वर्तकनगरच्या बाजूला कानाची तपासणी करणारं एक छोटं केंद्र होतं, तिथे आम्ही त्यांना घेऊन गेलो. आई, मी आणि मध्ये बाबा. तपासणी करणाऱ्या बाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी बाबांना काचेच्या एका बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून खुणेने समजावलं. एवढ्या महिन्यांत बाबांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. टोन हा तर त्यांचाच प्रांत. बारीक, जाड, अगदी विरत चाललेला, एकेका सुराला बोट वर जात होतं. बाईंनी आम्हाला कागदावरची रेघ दाखवली. वयाच्या मानाने कान फारच चांगले, म्हणाल्या.

मग त्यांनी माइक तोंडाशी घेतला आणि सोपे शब्द म्हणायला सुरुवात केली. पाणी. घर. ताट. हात. बाबांनी ते ऐकून परत म्हणायचे होते. काचेपलीकडे बाबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरला, डोळे मिटले. बाईंनी आवाज वाढवला. पाणी. घर. बाबांनी हेडफोन काढून हातात घेतला, वायर कुठे सैल आहे का बघितली आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "टोन येतोय. स्पीच येत नाही. लाईन खराब आहे तुमची."

पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या डोक्याला तारा चिकटवून तपासलं, स्कॅन काढला. टकटक आवाज दिला की यंत्रावरची रेघ जिथे उठायला हवी तिथे उठत होती. स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना डाग दिसले, एक जुना, वर्षभरापूर्वीच्या झटक्याचा, आणि दुसरा नंतर कधीतरी गुपचूप आलेला. पण मला समजलं ते वर्तकनगरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच. त्या म्हणाल्या, "कान त्यांचं काम करतायत. आवाज मेंदूपर्यंत पोचतो. टोन म्हणजे एकच सरळ सूर, तो ओळखायला मेंदूला फारसं काही करावं लागत नाही. बोलणं तसं नसतं. एवढ्याशा शब्दात कितीतरी आवाज असतात आणि पापणी लवायच्या आत ते बदलत जातात. ते पकडून त्यांचा शब्द करणारी जागा वेगळी असते. तीच राहिलेली नाही. तुमचं बोलणं त्यांना ऐकू येतं, पण अनोळखी भाषेसारखं, नुसता गलबला."

"बरं होईल?" मी विचारलं.

"वाचता येतंय ना? मग लिहून बोला त्यांच्याशी." हे उत्तर नव्हतं, म्हणजे उत्तर होतंच.

 आईने खुर्चीच्या कडेला सरकून विचारलं, "फोनवर... फोनवर कुणी काही सांगितलं असतं, तर त्यांना कळलं असतं का हो?"

"फोनवर तर अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "समोर माणूस असला तर ओठ दिसतात, चेहरा दिसतो, काहीतरी अंदाज येतो. फोनवर काय? सगळ्यात आधी फोनवरच लक्षात येतं."

वर्तकनगरहून परत येताना बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाबा तिच्या शेजारी. ती रडतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, कारण त्यांनी दोनदा तिच्याकडे बघितलं. का रडतेय ते त्यांना कसं कळणार?

घरी आल्यावर मी माझी जुनी पाटी काढली आणि बाबांना सगळं लिहून सांगितलं. कान चांगले आहेत, दोष मेंदूत आहे, बोललेलं कळणार नाही, लिहिलेलं कळेल. त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे लाईन ठीक आहे," ते म्हणाले, "फॉल्ट एक्स्चेंजमध्ये आहे." आणि थोडंसं हसले. त्यांचं ते हसणं मला सहन झालं नाही, मी आत निघून गेले.

आईला लिहिता येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं ती गिरवून शिकली होती, त्यापलीकडे काही नाही. म्हणजे पोस्टमन पुन्हा मीच. मी परत बाहेर आले तशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि बाबांकडे न बघता मला म्हणाली, "लिही. त्या फोनचं मला माहीत नव्हतं म्हणावं. मी वाटेल ते बोलले. चुकलं माझं, लिही."

मी लिहिलं, आईचेच शब्द, जसेच्या तसे. बाबांनी पाटी गुडघ्यावर घेतली. कुठला फोन, ते आधी त्यांना कळेना. मग मी खाली आणखी लिहिलं, आजीचं, मामाचं, त्या संध्याकाळचं. ते वाचत असताना त्यांचे ओठ हलत होते. सासूबाई कशा गेल्या, आईने त्यांच्याशी बोलणं का टाकलं, हे सगळं त्यांना त्या पाटीवरून पहिल्यांदा कळत होतं. इतके दिवस आपण काय केलंय हे माहीत नसताना ते शिक्षा भोगत होते. मला वाटलं, आता संपलं, आता हे काहीतरी बोलतील. त्यांनी पाटी तळहाताने पुसली.

"हे तू लिहिलंस," ते म्हणाले. "तिला बोलू दे."

हट्ट म्हणा, घरचा नियम म्हणा, मेंदूतल्या त्या डागाचं काम म्हणा. माफी ज्याची त्याने मागायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं आणि तेवढं शाबूत राहिलं होतं. आई पुढे आली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती आधी बोलली. "अहो, चुकलं माझं," ती म्हणाली. "मी उगाच तुमच्यावर घेतलं. ऐकताय ना? चुकलं हो माझं." बाबांनी मान तिरकी केली, डोळे मिटून घेतले, टेस्ट डेस्कवर बसत तसे. ती थांबली की ते हाताने आणखी बोल म्हणून खूण करत. ती परत बोलायची. किती वेळ हे चाललं देव जाणे. मला तिथून उठता येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. तिचा चेहरा रडून सुजला होता, आणि आईचा रडका चेहरा आणि रागावलेला चेहरा यात तसाही फार फरक नव्हता.

"काहीतरी बोललीस," बाबा म्हणाले. "चांगलं की वाईट?"

आईने तो तांब्या दुसऱ्याच दिवशी फडताळात अगदी मागे ठेवून दिला. अबोल्याची वस्तू आता घरात वाजायची नाही, असं तिने ठरवलं. स्वयंपाक झाला की ती स्वतः बाहेर यायची, त्यांच्यापुढे उभी राहायची आणि "अहो, चला, वाढलंय" असं नीट, सावकाश म्हणायची. ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. कधी ओळखायचे, कधी नाही. कधी ती हात धरायला गेली तर झिडकारायचे. ती काय म्हणतेय याचा अंदाज बांधता बांधता दमून जायचे बिचारे, आणि अन्न निवून जायचं.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी ते मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग." किती दिवसांनी ते तीन शब्द ऐकत होते मी. "तुझ्या आईला सांग, तांब्या का बंद केला? तो वाजवत जा म्हणावं. तेवढंच एक मला पूर्ण कळतं."

मी आत जाऊन सांगितलं.  आईने फडताळातून तांब्या काढला, चिंचेने घासला, पुसला. ताट वाढलं. चमचा हातात घेतला आणि ओट्याकडे तोंड करून, हळू आवाजात, "चुकलं हो माझं" म्हणाली. आणि मग तांब्यावर दोनदा वाजवलं. बाहेरून बाबा म्हणाले, "आलो."

त्यानंतर तसंच चालू राहिलं. बाबांना टेस्ट डेस्कवरून काढून कागद लावायच्या कामाला बसवलं, मग त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. घरातला फोन गेला. माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले, महिन्यातून एखाद-दोनदा डोंबिवलीला जायचे. प्रत्येक जेवणाआधी आई तेच करायची, आधी ते वाक्य, मग तांब्या. मी तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या कुठल्याशा वर्षी बाबा गेले. त्याच्या थोडंच आधी मी माहेरी गेले होते. बाबा खिडकीशी बसले होते, खूप थकले होते. आत कुकर होऊन गेला होता, ताटं मांडल्याचा आवाज येत होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आतल्या दाराकडे बघत, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "तुझी आई अजून रागावलीय का गं माझ्यावर? वाजव म्हणालो होतो मीच, पण अजून तांब्याच वाजवते."

मी पाटी घेतली आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू लिहिणारच असं," ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला. "चुकलं हो माझं." बाबा पाटी तळहाताने पुसत होते. मग तांब्या वाजला, आणि त्यांनी मान वर केली.

"आलो," म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.